फवाऱ्यातले थेंब: विरण्याचं गणित, मिसळण्याचं गणित

इंधनाच्या फवाऱ्यात थेंबांची वाफ होत असते, त्याच वेळी आदळलेले थेंब एकमेकांत मिसळतही असतात. वाफ होणं हा बराचसा एकट्या थेंबाचा मामला. मिसळायला मात्र जोडी लागते. संगणकावर फवारा उतरवण्यातला खरा अवघडपणा या फरकातूनच येतो, असं मला वाटतं.

वाफेचं गणित आधी हाती आलं. स्थिर हवेतल्या थेंबाच्या बाष्पीभवनाचा वेग त्याच्या त्रिज्येच्या प्रमाणात असतो, हे मॅक्सवेल यांनी १८७७ मध्ये मांडलं. १९५३ मध्ये गॉडसेव्ह आणि स्पाल्डिंग यांनी जळत्या इंधनथेंबाचा नियम दिला: व्यासाचा वर्ग काळाबरोबर एकसमान गतीने घटतो. या नियमाने दोन सारखे थेंब एक झाले, तर नव्या थेंबाचा व्यास सुमारे १.२६ पट होतो आणि आयुष्य जवळपास १.६ पट. म्हणून मिसळणं दुर्लक्षून चालत नाही.

कण जुळण्याचं समीकरण स्मोलुकोव्स्की यांनी १९१६ च्या सुमारास लिहिलं होतं, पण ते द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांसाठी. १९५८ मध्ये विल्यम्स यांनी फवाऱ्याचं समीकरण दिलं आणि दोन्ही धागे एकत्र यायला जागा झाली. थेंबांची संख्या स्थान, वेग, आकार आणि काळ यांवर अवलंबून; तापमान धरलं तर आणखी एक मिती. एवढ्या मित्यांचं जाळं विणून ते थेट सोडवणं आवाक्याबाहेरचं होतं.

वाट निघाली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत. ड्युकोविझ यांनी १९८० मध्ये अनेक सारख्या थेंबांचा एक गट धरून त्याचा मार्ग काढण्याची पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी ओ'रूर्क यांनी आपल्या प्रबंधात टकरींची शक्यता मोजण्याची रीत दिली, आणि तिथल्याच 'किवा' या इंजिनाच्या आतलं वहन व ज्वलन मोजणाऱ्या संगणक-प्रणालीतून ती इंजिन संशोधकांपर्यंत पोहोचली. या रीतीत जागेचे जाळ्यासारखे छोटे चौकोन पाडलेले असत आणि एकाच चौकटीतले गटच आदळू शकत. जाळं बदललं की टकरी बदलत. चौकोनी जाळ्यावर तर गोल फवारा चार पाकळ्यांचा दिसे. उत्तर निसर्गाऐवजी जाळ्यावर ठरणं हा गंभीर दोष होता. श्मिट आणि रटलँड यांनी २००० मध्ये विरळ वायूंच्या अभ्यासातली, सगळ्या जोड्या न तपासता काही जोड्या नमुना म्हणून निवडण्याची पद्धत आणून टकरींची आकडेमोड खूप वेगवान केली. त्यामुळे टकरींसाठी वेगळं, बारीक जाळं वापरणं परवडू लागलं.

दुसरी वाट फ्रान्समधून पुढे गेली. लॉरां, मासो आणि व्हिलदिय यांनी २००४ मध्ये आकारानुसार थेंबांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गाला स्वतंत्र द्रव मानलं आणि त्यात मिसळणं बसवलं. घन इंधनाच्या रॉकेट मोटरीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे वितळलेले थेंब जुळून मोठे होतात, तिथे अशा गणिताची गरज होती. पण एका वर्गाला एका जागी एकच वेग मिळतो. एकमेकांना छेदणारे प्रवाह त्यात मावत नाहीत. लॉरां आणि मासो यांनी फॉक्स यांच्यासह २००८ मध्ये तपासलेल्या, आघूर्णांवर (थेंबांच्या आकारांच्या सरासरीसारख्या एकत्रित राशींवर) आधारित पद्धतीने वेगवेगळ्या आकारांचे थेंब आणि त्यांचं मिसळणं आकाराच्या मोजक्या बिंदूंत पकडलं. तिथे वाफेनेच अडवलं: पूर्ण विरून नाहीसे होणारे थेंब मोजायचे तर शून्य आकाराजवळची संख्या हवी, आणि मोजके बिंदू ती देत नाहीत. त्यावरचा भक्कम उपाय २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.