माळी आणि ब्राश्शोकर: केर्तेस आणि ब्रासाई यांच्यातली गल्लत

पॅरिसमधल्या माँमार्त्र टेकडीवरच्या पायऱ्यांचा एखादा कृष्णधवल फोटो समोर येतो, त्याखाली नाव नसते, आणि थोडीफार माहिती असलेला माणूस लगेच सांगतो की हा त्या हंगेरियन छायाचित्रकाराचा. उत्तर चूक नसते, पण त्याने काही उलगडतही नाही, कारण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पॅरिसमध्ये राहून त्या शहराचे कृष्णधवल फोटो काढणारे आणि त्यासाठी जगभर नाव झालेले हंगेरियन एक नसून दोन होते. आंद्रे केर्तेसने त्या पायऱ्या १९२०च्या दशकात टिपल्या आणि ब्रासाईने १९३६ साली. मी स्वतः बरीच वर्षे ब्रासाईच्या पायऱ्या केर्तेसच्या खात्यावर जमा करत आलो होतो, तेव्हा या गल्लतीबद्दल दुसऱ्या कोणाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

रॉबर्ट कापा, मार्टिन मुन्काची आणि मोहोली-नॉज हेही हंगेरीचेच. पण कापा म्हटले की युद्धभूमी आठवते, मुन्काची म्हटले की फॅशन आणि खेळ, आणि मोहोली-नॉज म्हटले की बाउहाउस ही जर्मन कलाशाळा, त्यामुळे त्यांची सरमिसळ फारशी होत नाही. केर्तेस आणि ब्रासाई यांचे मात्र शहर, काळ, मित्रमंडळी आणि कॅफे इतके सामाईक आहेत की घोटाळा व्हावा हेच स्वाभाविक वाटते.

नावांपासून सुरुवात करणे सोयीचे पडेल. हंगेरियन माणूस आडनाव आधी लिहितो. केर्तेसचे मूळ नाव केर्तेस आंदोर. त्याचा जन्म २ जुलै १८९४ रोजी बुडापेस्टमध्ये झाला आणि पॅरिसला आल्यावर आंदोरचा आंद्रे झाला. ब्रासाईचे खरे नाव हालास ज्युला. तो ९ सप्टेंबर १८९९ रोजी ट्रान्सिल्व्हानियातल्या ब्राश्शो गावी जन्मला. हे गाव तेव्हा हंगेरीत होते, आज ते रुमानियात असून ब्राशोव्ह म्हणून ओळखले जाते. हंगेरियन भाषेत ‘केर्तेस’ म्हणजे माळी आणि ‘हालास’ म्हणजे कोळी, त्यामुळे मराठी वाचकाला ही दोन्ही आडनावे परकी वाटण्याचे कारण नाही. त्याहून गंमत टोपणनावाची आहे. गावाच्या नावाला हंगेरियनमध्ये जो ‘इ’ लागतो, तो आपल्या ‘कर’चेच काम करतो, म्हणजे ब्रासाई हा सरळ सरळ ब्राश्शोकर. फ्रेंच लोकांनी त्यातल्या ‘श’चा ‘स’ केला आणि तोच उच्चार जगभर रूढ झाला.

दोघांच्या आयुष्याचा सांधा पॅरिसमध्ये जुळतो, पण तिथवर येण्याच्या वाटा निराळ्या आहेत. पुस्तकविक्रेत्या वडिलांचे छत्र केर्तेसने लहानपणीच गमावले, घरच्यांच्या आग्रहामुळे तो वाणिज्य शिकला आणि बुडापेस्टच्या शेअर बाजारात कारकुनी करू लागला. १९१२ साली पहिला कॅमेरा हाती आला आणि त्यानंतर नोकरी केवळ पोटासाठी उरली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात असताना त्याने मोर्चांचे आणि लढायांचे फोटो न काढता खंदकात बसून पत्रे लिहिणारे, विश्रांती घेणारे सैनिक टिपले. १९१५ साली तो जखमी झाला आणि काही काळ त्याचा एक हात लुळा पडला होता. ब्रासाईचे वडील फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक होते, आणि ते अध्यापनासाठी पॅरिसला गेले तेव्हा लहानगा ज्युला तिथे वर्षभर राहिलेला होता. बुडापेस्ट आणि बर्लिन इथे त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले, आणि १९२४ साली तो पॅरिसला आला तो पत्रकार म्हणून. केर्तेस वर्षभराने, १९२५ साली आला. तेव्हा त्याच्याजवळ छायाचित्रणाचा तेरा वर्षांचा सराव होता, आणि ब्रासाईने तोवर कॅमेरा हातात घेतलेलाही नव्हता. फोटो काढणे हे चित्रकाराला न शोभणारे यांत्रिक काम आहे असेच त्याचे मत होते.

ते मत पालटले ते मुख्यतः केर्तेसमुळे. वर्तमानपत्री लेखांसाठी ब्रासाईला फोटो लागत, केर्तेस त्याच्याबरोबर हिंडत असे, आणि रात्रीच्या अंधारातही चित्र उमटवता येते हे ब्रासाईने त्याच्याकडे पाहिले. आपणच त्याला रात्रीचे फोटो काढायला शिकवले असे केर्तेस पुढे सांगत राहिला, आणि त्या सांगण्यात कडवटपणाही होता. कारण १९३२ सालच्या अखेरीस ब्रासाईचे ‘पारी द न्वी’, म्हणजे ‘रात्रीचे पॅरिस’, हे पुस्तक फ्रेंच लेखक पोल मोराँच्या प्रस्तावनेसह बाहेर पडले आणि रात्रीचे पॅरिस म्हणजे ब्रासाई हे समीकरण कायमचे ठरून गेले. स्पायरल बाइंडिंगच्या त्या पुस्तकाचे मुखपृष्ठ ओल्या, चमकणाऱ्या दगडी फरसबंदीचे आहे. आतल्या पानांवरचा काळा रंग इतका दाट आहे की तो कागदात मुरलेला वाटतो.

या समीकरणामुळेच सर्वांत मोठी चूक होते. फोटो रात्रीचा असेल तर ब्रासाईचा आणि दिवसाचा असेल तर केर्तेसचा, ही कसोटी सोपी आहे आणि तितकीच फसवी. १९१४ साली, म्हणजे ब्रासाईच्या पुस्तकाच्या अठरा वर्षे आधी, विशीतल्या केर्तेसने बुडापेस्टच्या बोचकाई चौकात रात्री एक फोटो काढला. रस्त्यावर एकुलता एक दिवा, त्याच्या उजेडात उजळलेली भिंत, आणि पुढे एक माणूस, जो कॅमेऱ्याचे भिंग कित्येक मिनिटे उघडे असताना निश्चल उभा राहिला आहे. तो केर्तेसचा भाऊ येनो. जरा हलला असता तर पुसून गेला असता. उलट बाजूने पाहिले तर ब्रासाईचेही दिवसाचे काम भरपूर आहे, आणि वर सांगितलेल्या १९३६ सालच्या पायऱ्या दिवसाच्याच आहेत.

माझ्या मते खरा फरक छायाचित्रकार कुठे उभा आहे यात आहे. केर्तेस बहुधा उंचावर किंवा लांब असतो, आणि आपला फोटो निघतो आहे याची फोटोतल्या माणसांना दखल नसते. ब्रासाई त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच टेबलापाशी असतो, आणि आपला फोटो निघतो आहे हे त्यांना पुरते ठाऊक असते.

केर्तेसचा १९२८ सालचा म्यूदाँचा फोटो यासाठी नीट पाहावा. पॅरिसजवळच्या या उपनगरात एक अरुंद रस्ता उतरत जातो आणि त्याच्या टोकाला रेल्वेचा उंच कमानींचा पूल आहे. पुलावरून धूर सोडत आगगाडी चालली आहे, आणि त्याच क्षणी पुढच्या बाजूला हॅट घातलेला एक माणूस वर्तमानपत्रात गुंडाळलेली कसलीशी चपटी वस्तू घेऊन रस्ता ओलांडतो आहे. गाडीचा त्या माणसाशी संबंध नाही, त्याचा मागच्या लोकांशी नाही, आणि गुंडाळीत काय आहे ते कळायला मार्ग नाही. तरीही यातली एक गोष्ट काढली तर चित्र कोसळते. असा क्षण घडवून आणता येत नाही, तिथे थांबून राहावे लागते. त्या सुमारास केर्तेसने लायका हा हातात मावणारा, फिल्मच्या रोलवर चालणारा कॅमेरा घेतला होता, आणि असे थांबणे व टिपणे त्यामुळे सोपे झाले.

ब्रासाईचे हत्यार अगदी वेगळे होते. फोइग्टलेंडर कंपनीचा बर्गहाइल हा साडेसहा बाय नऊ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटचा कॅमेरा, त्याखाली तिपाई, आणि घरात किंवा बारमध्ये उजेडासाठी मॅग्नेशियमच्या पावडरीचा भडका. हा भडका एवढा मोठा होई की पिकासोने त्याला ‘दहशतवादी’ म्हणायला सुरुवात केली होती. रस्त्यावर भिंग किती वेळ उघडे ठेवायचे हे तो सिगारेटीवर मोजत असे. उजेड बरा असेल तर एक गोलुआझ संपेपर्यंत, आणि अंधार गडद असेल तर जाड आणि जास्त वेळ टिकणारी बोयार. एवढा सरंजाम मांडून कोणाचाही चोरून फोटो निघत नाही. म्हणून त्याच्या चित्रांतले गुंड, वेश्या, नाचघरातले लोक हे एका अर्थाने नटच आहेत, फक्त भूमिका त्यांच्या स्वतःच्याच आहेत. १९३२ सालच्या त्याच्या कॅफेतल्या प्रेमिकांच्या फोटोत एक जोडपे बाकाच्या कोपऱ्यात बसले आहे, मागच्या दोन भिंतींवर आरसे आहेत, आणि एकमेकांकडे वळलेले ते चेहरे त्या आरशांत पुन्हा वेगळ्या बाजूंनी दिसतात. ज्या क्षणी त्यांना एकांत हवा, त्याच क्षणी ते चहूबाजूंनी दिसत आहेत. हे जुळवून आणल्यामुळे त्यातला खरेपणा कमी होतो असे मला वाटत नाही, पण ते जुळवलेले आहे हे विसरून त्याला ‘सहज टिपलेला क्षण’ म्हणणे हा ब्रासाईच्या मेहनतीचा अपमान ठरेल.

आरशांमुळेही गोंधळ होतो. केर्तेसने १९३३ साली ‘ल सूरीर’ या मासिकासाठी जत्रेतल्यासारखे वेडेवाकडे आरसे वापरून स्त्रीदेहाचे सुमारे दोनशे फोटो काढले, ज्यांत हातपाय रबरासारखे ताणले जातात आणि चेहरा एखाद्या कोपऱ्यात जाऊन बसतो. ही कल्पना त्याला अचानक सुचलेली नव्हती. १९१७ साली एस्तरगोममध्ये उपचार घेत असताना त्याने पाण्याखालून पोहणाऱ्या माणसाचा फोटो काढला होता, आणि पाण्याने वाकवलेले ते शरीर या मालिकेचे बीज मानावे लागते. म्हणजे केर्तेसचा आरसा माणसाचा आकार बदलतो आणि ब्रासाईचा आरसा त्याला आणखी एका बाजूने उघडा करतो. फोटोत आरसा दिसला की एवढे तपासले तरी पुरते.

उभे राहण्याच्या जागेची ही कसोटी प्रत्येक वेळी चालते असा माझा दावा नाही. ब्रासाईने नोत्र दामच्या उंचीवरून, दगडी राक्षसाच्या खांद्यामागून, रात्रीचे शहर टिपलेले आहे, आणि केर्तेसने १९२६ साली चित्रकार मोंद्रियानच्या घरात शिरून टेबलावरचे खोटे ट्यूलिपचे फूल, खुंटीवरची हॅट आणि दारापलीकडचा वळता जिना यांतून मोंद्रियानचेच व्यक्तिचित्र काढले, तेही मोंद्रियान चित्रात नसताना. अशा वेळी विषयाकडे पाहावे लागते. भिंतींवर कोरलेले, चाकूने खरवडलेले चेहरे दिसले, दोन खड्ड्यांचे डोळे केलेले दिसले, तर ते ब्रासाईचे काम असण्याची शक्यता मोठी. या भित्तिरेखांचा त्याने १९३०च्या दशकापासून दशकानुदशके पाठपुरावा केला, १९५६ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले आणि १९६० साली पुस्तक निघाले. उलट बागेतल्या लोखंडी खुर्च्यांच्या सावल्या, ताटाच्या कडेला टेकवलेला काटा (हा १९२८ सालचा), किंवा पुस्तकात डोके घालून बसलेली माणसे असतील तर केर्तेसचे नाव घ्यावे.

१९३६ नंतर गल्लतीला फारसे कारण उरत नाही, कारण त्या वर्षी केर्तेस कीस्टोन या छायाचित्र एजन्सीच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेला. थोड्या काळासाठी म्हणून गेलेला हा माणूस तिथेच अडकला. एजन्सीशी जमले नाही, पुढे युद्ध सुरू झाले, हंगेरियन म्हणून तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि रस्त्यावर फोटो काढणेही अवघड झाले. १९४४ साली त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, आणि १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६२पर्यंत तो ‘हाऊस अँड गार्डन’ या मासिकासाठी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांचे फोटो काढत राहिला. आडनावाने माळी असलेल्याच्या वाट्याला असा बगीचा यावा, यावर न बोललेलेच बरे. ब्रासाई पॅरिसमध्येच राहिला, जर्मन अंमलाखाली परवाना घेऊन काम करायला त्याने नकार दिला आणि त्या काळात पिकासोच्या शिल्पांचे फोटो काढले. पिकासोबरोबरच्या संभाषणांचे त्याचे पुस्तक १९६४ साली आले. त्याच वर्षी छायाचित्र विभागाचा प्रमुख जॉन शार्कोव्स्की याने म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये केर्तेसचे प्रदर्शन भरवले, आणि चार वर्षांनी ब्रासाईचे.

म्हातारपणी दोघेही मागे वळले. युद्धापूर्वी पॅरिसमध्ये ठेवलेल्या आपल्या निगेटिव्ह केर्तेसला १९६३ साली परत मिळाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच काचा फुटलेल्या होत्या. १९२९ साली खिडकीतून घेतलेल्या माँमार्त्रच्या दृश्याची काच मधोमध छिद्र पडून तडकली होती, तरी त्याने ती तशीच छापली. आता ते छिद्र बंदुकीच्या गोळीसारखे दिसते आणि त्याभोवतीच्या तड्यांतून शहराची घरे दिसतात. ब्रासाईने १९७६ साली तीसच्या दशकातल्या कुंटणखान्यांचे आणि समलिंगी नाचघरांचे, त्या काळी छापणे शक्य नसलेले, फोटो पुस्तकरूपाने बाहेर आणले. ८ जुलै १९८४ रोजी तो वारला आणि २८ सप्टेंबर १९८५ रोजी केर्तेस.

तत्पूर्वी, १९७७ साली पत्नी एलिझाबेथ गेल्यानंतर, केर्तेसने न्यूयॉर्कमधल्या बाराव्या मजल्यावरच्या घरात एक छोटा काचेचा अर्धपुतळा खिडकीत ठेवला. त्यातली मान आणि खांदे त्याला तिची आठवण करून देत. ऐंशीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेला हा माणूस पोलरॉइड कॅमेऱ्याने त्या काचेतून दिसणाऱ्या आकाशाचे आणि इमारतींचे तळहाताएवढे फोटो काढत राहिला, आणि ते रंगीत आहेत. त्यांच्याखाली चुकून ब्रासाईचे नाव पडलेले मला अद्याप कुठे आढळलेले नाही.