पार्श्वभूमी: बाटली, बॅच नंबर आणि पावती

सप्टेंबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागातून आजारी मुले नागपूरच्या दवाखान्यांत येऊ लागली. सर्दी-तापावर दिलेले खोकल्याचे औषध घेतल्यानंतर काही दिवसांतच त्यांची लघवी बंद झाली होती. सौंसर-सावनेरमार्गे नागपूर गाठणे ही त्या पट्ट्यातील माणसांची जुनी वाट आहे; मोठे दुखणे म्हटले की सीमेपलीकडच्यांनाही ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही नागपूरची सरकारी रुग्णालये आठवतात. आधी पाण्याचे नमुने तपासले गेले, संसर्गाचा संशय घेतला गेला. पुढे तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने, कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल असल्याचा अहवाल दिला. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. वीसहून अधिक मुले दगावली.

या विषाची ओळख वैद्यकाला नवी नाही, आणि म्हणूनच हे मृत्यू अधिक जिव्हारी लागतात. पातळ औषधात द्रावक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखेच ते दिसते, चवीला गोड लागते आणि कारखान्यांसाठी तयार होत असल्याने स्वस्त पडते. पोटात गेल्यावर ते मूत्रपिंडे निकामी करते. अमेरिकेत 1937 साली याच द्रावकात केलेल्या सल्फानिलामाइडच्या औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली, आणि बाजारात आणण्यापूर्वी औषध सुरक्षित असल्याचे दाखवण्याची सक्ती करणारा कायदा तिथे दुसऱ्याच वर्षी झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 च्या सुरुवातीला ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण दगावले, त्यामागेही हेच विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि मंत्रालय या तिन्ही ठिकाणचा गैरकारभार उघड्यावर आणला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. महाराष्ट्रात औषधाच्या मृत्यूची जबाबदारी इतक्या वरपर्यंत पोचल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

आपल्याकडचा औषधांचा मूळ कायदा जे. जे. प्रकरणाहून जुना आहे. भेसळीच्या औषधांच्या तक्रारी वाढल्यावर 1930 मध्ये कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून दहा वर्षांनी, 1940 साली, औषध कायदा (आजचा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा) आला. 1982 च्या दुरुस्तीने भेसळयुक्त आणि बनावट औषधांच्या वेगळ्या व्याख्या केल्या. हा भेद शब्दांचा खेळ नाही, कारण शिक्षा त्यावरच ठरते. 2008 च्या दुरुस्तीने, अशा औषधामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड ठरवला, आणि वसूल झालेला दंड पीडिताला किंवा त्याच्या नातेवाइकांना देण्याची तरतूद केली. केवळ दर्जात कमी भरलेल्या औषधाचा गुन्हा मात्र 2023 च्या जनविश्वास कायद्याने तडजोडीने मिटवता येण्याजोगा केला. ही सवलत ग्राहकाच्या बाजूची आहे असे म्हणता येत नाही.

बनावट औषध म्हणजे काय, हे विदर्भाने घरातच पाहिले आहे. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयाला पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या औषध निरीक्षकांच्या तपासणीत खोट्या निघाल्या आणि 2023 मध्ये गुन्हा दाखल झाला. सप्टेंबर 2024 मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी न्यायालयात दोषारोपपत्र दिले, त्यानुसार त्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होते आणि माल हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतून आला होता. अशा गोळीने कोणाच्या अंगावर पुरळ येत नाही की उलटी होत नाही. ताप उतरत नाही एवढेच होते, आणि नातेवाईक समजतात की रोगच जबर होता.

फौजदारी खटला सरकार चालवते. नुकसानभरपाईची वाट ग्राहक कायद्यातून जाते. तो कायदाही जे. जे. प्रकरणाच्याच वर्षी, डिसेंबर 1986 मध्ये झाला. वैद्यकीय सेवा त्यात बसते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या व्ही. पी. शांता खटल्यात स्पष्ट केले, पण त्याच निकालाने जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात अशी रुग्णालये बाहेर ठेवली. 2019 च्या नव्या कायद्याने उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले: उत्पादनातला दोष, रचनेतला दोष किंवा अपुरी सूचना यांमुळे इजा झाली तर उत्पादक जबाबदार, आणि उत्पादक कोण हेच कळत नसेल तर विक्रेता. तक्रार आता आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, कांचीपुरमला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या, म्हणजे मोजलेल्या किमतीच्या, तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र ग्राहक कोण, याची व्याख्या मोबदला देणारा अशीच राहिली. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत गोळ्या घेणारी मेळघाटची किंवा झरी-जामणीची बाई त्या व्याख्येत बसत नाही, आणि तिला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची दूरची वाट उरते.

पैसे देऊन औषध घेणाऱ्यालाही पुरावा जपावा लागतो, आणि खेड्यात अडते ते इथेच. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात सुई टोचून, कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या सुट्या गोळ्या मिळतात. पुडीवर नाव नाही, बॅच नंबर नाही. औषधाच्या दुकानात पूर्ण पाकीट परवडत नाही म्हणून कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या जातात, आणि बॅच नंबर व मुदतीची तारीख बहुधा दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असते. बिल मागितले की दुकानदाराची नजर बदलते, आणि उद्या त्याच्याकडेच उधारीवर औषध न्यायचे असते. सिरपची बाटली संपली की धुऊन तिच्यात तेल भरले जाते. 1940 च्याच कायद्याच्या कलम 26 नुसार कोणीही व्यक्ती ठरलेले शुल्क भरून विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते आणि त्याचा सही केलेला अहवाल मागू शकते. अन्न व औषध प्रशासनाची प्रयोगशाळा नागपुरातच आहे. तिथे द्यायला बाटलीत काही उरलेले असावे लागते, आणि तिच्यावरची चिठ्ठी शाबूत असावी लागते.