वाडा की बंगला? भिंतीला हात लावण्याआधी बघा

बेळगावात गावातलं जुनं दगडी घर म्हणजे वाडा आणि कॅम्पातलं, म्हणजे लष्करी छावणीतलं, ते बंगला, असा सरधोपट हिशेब चालतो. राहायला तो पुरतो. पण घराचं ऑफिस करायचं ठरलं, दोन खोल्यांचा एक हॉल हवा झाला, की हिशेब अंगाशी येतो. दोन्हीकडे दोन-अडीच फुटी भिंती, तोच दगड, तोच चुना, तेच सागवान. फरक असतो तो भार कोण पेलतं यात.

वाड्यात तो बहुतांशी लाकडावर. तळखड्यावर (खालच्या घडीव दगडावर) खांब, खांबावर तुळई म्हणजे आडवं लाकूड, वर माळवद (मातीचं सपाट छत) नाहीतर माडी. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, म्हणून घरही खणांत मोजायचे. बाहेरची दगडी भिंत रुबाबदार खरी, पण तिचं मुख्य काम आडोशाचं आणि राखणीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशा कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या, तरी खांबांवरचं छत उभं राहिलं.

बंगल्याचं उलट. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढं कॅम्प वसला, तिथल्या घरांत छपराच्या कैच्या, म्हणजे लाकडी त्रिकोणी सांगाडे, थेट भिंतींवर टेकल्या. इथं मधली भिंत काढायची तर आधी टेकू, मग गर्डर. (मंगलोरी कौलं बघून घराचं वय ठरवू नका. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा मंगलोरातला कौलांचा कारखाना १८६५ चा. त्याआधीच्या घरांवरही ती मागाहून चढलीत.)

आमचं ऑफिस ज्या घरात आहे त्याला सगळे बंगला म्हणायचे. पुढं व्हरांडा आहे ना! इलेक्ट्रिशियननं वायरीसाठी खाच मारली तर कटरमधून लाकडाचा भुसा यायला लागला. गिलावा खरवडला, तर भिंतीच्या पोटात अख्खा सागवानी खांब, खाली घडीव तळखडा. व्हरांडा नंतर कुणीतरी हौसेनं जोडलेला. गवंडी कानडीत म्हणाला, "कंब इदे." मी म्हटलं, खांब आहे. यात तरी सीमावाद नव्हता.

तरी लगेच घण घातला नाही. तुळईचं एक टोक भिंतीतच रुतवलेले वाडेही असतात. वर चढून प्रत्येक टोक बघितलं, तिथं दोन दिवस गेले.

उजेडाचीही हीच गत. वाडा मधल्या उघड्या चौकातून श्वास घेतो, बंगला व्हरांड्यातून. आधीच्या भाडेकरूनं रिसेप्शनसाठी चौकावर फायबरचा पत्रा टाकला होता, त्यामुळं भर दुपारी ट्यूबलाइट आणि पावसाळ्यात भिंतींना लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर. त्यात दगडांमधल्या दरजा (सांधे) सिमेंटनं भरलेल्या, म्हणजे ओल आतच कोंडलेली. पत्रा काढला, दरजा उकरून परत चुन्यात भरल्या.

हॉलचा दरवाजा शेवटी दोन खांबांच्या मधल्या खणातच काढला. मोजून एक खण.