मद्रासचा दिवा आणि कोर्टाच्या आवारातला खांब

चेन्नईच्या उच्च न्यायालयाच्या आवारात ग्रॅनाइटचा एक उंच गोल खांब उभा आहे. तारखेला आलेल्या पक्षकारांना तो कुणाचे तरी स्मारक वाटत असावा. प्रत्यक्षात ते या शहराचे दुसरे दीपगृह, आणि ते विझून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली.

मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकत. माणसे आणि माल मसुला होड्यांतून, लाटा झेलत काठाला लागत. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. नाहीतर त्या लाटांत टिकल्याच नसत्या. अशा किनाऱ्यावर रात्री शहर नेमके कुठे आहे हे कळायला 1796 साली सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या एक्स्चेंजच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या देवघेवीच्या इमारतीच्या, छपरावर कंदील बसवला गेला. त्यात नारळाच्या तेलाचे दिवे जळत. त्या इमारतीत आज किल्ल्याचे संग्रहालय आहे.

छपरावरच्या दिव्याला मर्यादा होत्याच. म्हणून किल्ल्याच्या उत्तरेला सुमारे 125 फुटांचा स्वतंत्र डोरिक, म्हणजे साध्या प्राचीन ग्रीक शैलीचा, स्तंभ उभारला गेला. आराखडा मद्रास इंजिनिअर्सच्या कॅप्टन जे. टी. स्मिथ यांचा, हेच स्मिथ पुढे मद्रासच्या टांकसाळीचे प्रमुख झाले. 1 जानेवारी 1844 रोजी दिवा लागला आणि पन्नास वर्षे जळला.

त्याला समुद्राने किंवा वादळाने मारले नाही, शेजाऱ्याने मारले. 1892 साली बाजूलाच उच्च न्यायालयाची भव्य इमारत उभी राहिली. तिचा मुख्य घुमट स्तंभापेक्षा उंच, मग दिवा तिथेच का नको? 1894 मध्ये तो घुमटावर चढला. खाली न्यायदान आणि डोक्यावर दीपगृह, अशी ही इमारत जगात विरळाच म्हणायची.

22 सप्टेंबर 1914 च्या रात्री जर्मन युद्धनौका 'एमडन'ने मद्रासवर तोफा डागल्या. बंदराजवळच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, न्यायालयाच्या आवाराच्या भिंतीलाही गोळा लागला. तिथे त्याची पाटी आहे. तमिळमध्ये धाडसी, बेरकी माणसाला अजूनही 'एमडन' म्हणतात.

घुमटावरचा दिवा 1977 पर्यंत चालला. त्या वर्षी मरीना किनाऱ्यावर लिफ्ट असलेले नवे दीपगृह सुरू झाले, आणि मग घुमटही खालच्या खांबासारखाच अंधारात गेला.