बीट (मुंबईतील बातमीदारी)

बातमीदाराला नेमून दिलेल्या क्षेत्राला बीट म्हणतात. मुंबईत महापालिका, मंत्रालय, पोलीस, न्यायालय, रेल्वे, आरोग्य आणि शिक्षण ही नेहमीची बीटे. शिकाऊ बातमीदाराच्या वाट्याला बहुधा आधी पोलीस किंवा पालिका येते. अभ्यासक्रमात बातमीची रचना शिकवता येते. बातमी कुठून येते हे मात्र बीटवर पायपीट करूनच कळते.

पहिला धडा कोणती नोंद कुठे होते याचा. रुळांवर झालेल्या मृत्यूची नोंद शहर पोलिसांकडे नसते, ती लोहमार्ग पोलिसांकडे असते. रेल्वे सुरक्षा दल हे पुन्हा वेगळे खाते. इमारत कोसळली की अग्निशमन दल, पालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि रुग्णालय यांचे आकडे जुळतीलच असे नाही. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवलेला जखमी दोनदा मोजला जाऊ शकतो. म्हणून आकड्यांऐवजी नावांची यादी मागायची. पावसाचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्यात मात्र जेमतेम ७३. त्या दिवशी केवळ कुलाब्याच्या आकड्यावर विसंबणाऱ्याची बातमी खरी असूनही चुकलीच असती.

सूत्र म्हणजे माहिती देणारा माणूस. तो मोठ्या हुद्द्यावरचाच असावा लागतो असे नाही. फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे हे आयुक्तांपेक्षा कारकुनाला आधी ठाऊक असते. पोलीस ठाण्यातला रात्रपाळीचा अंमलदार, शवागारातला कर्मचारी, समितीच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका वाटणारा शिपाई ही माणसे बातमीदाराला ओळखू लागतात, ती बातमी नसलेल्या दिवशीही तो येऊन बसतो म्हणून. काम असेल तेव्हाच उगवणाऱ्याला प्रेसनोट मिळते, आणि ती सगळ्यांनाच मिळते. नव्या बातमीदाराचे पहिले कित्येक महिने हाती काही न लागता जातात. मुख्य वार्ताहराने त्या काळात त्याला सांभाळून घ्यायला हवे, आणि आजच्या घाईत नेमके तेच होत नाही.

सूत्राने सांगितले म्हणजे बातमी झाली असे नाही. तो हे आपल्याला का सांगतो आहे, हे आधी विचारायचे. बदली हुकलेला अधिकारी, निविदा न मिळालेला कंत्राटदार, पक्षातला नाराज नगरसेवक यांची माहिती खरी असू शकते, पण ती अर्धीच असते. अशा हेतूने पुरवलेल्या बातमीला पेरलेली बातमी म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे दुसऱ्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून दुजोरा, शक्यतो कागद, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू. माहिती अधिकार कायदा (२००५) आल्यापासून कागद मागण्याची सोय झाली. उत्तरासाठी साधारणपणे ३० दिवसांची मुदत असल्याने रोजच्या बातमीला तो फारसा उपयोगी पडत नाही. मोठ्या शोधाला मात्र भक्कम आधार देतो.

बातमीदारीच्या बळाचे मुंबईतले ठळक उदाहरण म्हणजे सुचेता दलाल यांनी २३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त दिलेली बातमी. त्यातून पुढे हर्षद मेहताचा रोखे घोटाळा उघडकीस आला.

सूत्राचे नाव गुप्त ठेवण्याचा शब्द दिला की तो पाळावाच लागतो. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ मधील कलम १५(२) नुसार ही परिषद, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था, पत्रकाराला सूत्र उघड करायला भाग पाडू शकत नाही. हे संरक्षण परिषदेपुढील कामकाजापुरते आहे, न्यायालयापुढे ते लागू नाही. गुन्हेगारीच्या बीटवर धोका जिवाचाही असतो. ज्येष्ठ गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांची ११ जून २०११ रोजी पवईत गोळ्या घालून हत्या झाली. या खटल्यात छोटा राजनला २०१८ मध्ये जन्मठेप झाली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१७ मध्ये विधिमंडळाने संमत केला.