कॅश ऑन डिलिव्हरी

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे पैसे ती दारात आल्यावर, पार्सल ताब्यात घेताना देण्याची पद्धत. बोलण्यात तिचे ‘सीओडी’ झाले आहे आणि विक्रेत्यांच्या भाषेत ऑर्डरी दोनच जातींच्या असतात, प्रीपेड आणि सीओडी. भारतात ऑनलाइन खरेदी पसरली त्याचे श्रेय स्वस्त इंटरनेटला आणि दिवाळीच्या सेलला दिले जाते. पण शहराबाहेरच्या कित्येक घरांत पहिले पार्सल आले ते या पद्धतीच्या भरवशावर. माल पाहिल्याशिवाय पैसा सोडायचा नाही, हा बाजारहाटाचा जुना नियम तिने ऑनलाइन व्यवहारात आणला. ग्राहकाची धास्ती त्यामुळे गेली, पण ती नाहीशी झाली नाही, विक्रेत्याकडे सरकली. सीओडीचे बहुतेक फायदे-तोटे या एका सरकण्यातून निघतात.

व्हीपीपीचा वारसा

पद्धत नवी वाटली तरी भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्येच व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे व्हीपीपी, सुरू केली होती. पोस्टमन पार्सल घेऊन यायचा, त्यावरची रक्कम आणि टपालखर्च वसूल करायचा आणि विक्रेत्याला ते पैसे मनीऑर्डरने मिळायचे. मराठी नियतकालिकांतील जाहिरातींच्या तळाशी ‘व्ही.पी.ने पाठवू’ ही ओळ वर्षानुवर्षे छापली जात होती. पुस्तके, औषधी तेले, घड्याळे, दिवाळी अंक असे बरेच काही त्या वाटेने घरोघर गेले. ‘व्हीपी सोडवून घेणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. पैसे भरल्याखेरीज पाकीट फोडता येत नसे, आणि घेणाऱ्याने नाही म्हटले की ते आल्या वाटेने परत जाई. टपालखर्च पाठवणाऱ्याच्या बोकांडी. आजच्या विक्रेत्याचे दुखणे तंतोतंत हेच आहे, फक्त पार्सलांची संख्या वाढली आहे.

ऑनलाइन अवतार

फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळूरुमध्ये पुस्तके विकण्यासाठी सुरू झाली आणि २०१० मध्ये तिने सीओडी देऊ केली. त्या वेळी क्रेडिट कार्ड मोजक्या लोकांकडे होते. डेबिट कार्ड होते, पण ते एटीएममधून पैसे काढण्यापुरते. त्यात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सक्तीची केली. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय चांगलाच होता, पण त्या काळच्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर पासवर्डच्या पानापर्यंत पोचताना व्यवहार मध्येच तुटायचे. पैसे गेले की राहिले, हेच कळायचे नाही. अशा वेळी ‘आधी माल बघा, मग पैसे द्या’ म्हणणाऱ्याकडे लोक वळले यात नवल नाही. पुढे आलेल्या स्पर्धकांना, २०१३ मध्ये भारतात उतरलेल्या अॅमेझॉनसह, हीच सोय द्यावी लागली.

चीनने याच अविश्वासावर वेगळा उतारा काढला होता. अलीबाबाच्या अलीपे सेवेत २००४ पासून ग्राहकाचे पैसे मध्यस्थाकडे अडकून राहत आणि माल मिळाल्याचे ग्राहकाने कळवल्यावरच विक्रेत्याकडे जात. तिथे मध्यस्थ कंपनी होती. भारतात ते काम पाठीवर बॅग घेऊन जिना चढणाऱ्या माणसाकडे आले.

ग्राहकाच्या बाजूने

सर्वात मोठा फायदा उघड आहे: पार्सल आलेच नाही तर पैसे बुडत नाहीत. कार्डाचा तपशील कुठल्या अनोळखी संकेतस्थळावर टाकावा लागत नाही. ज्यांचे बँक खाते दुसऱ्याच्या हाती असते, किंवा ज्यांचा पगारच रोखीत होतो, त्यांनाही खरेदी करता येते. घरखर्चातून बाजूला ठेवलेल्या पैशांतून साडी मागवणारी गृहिणी या पद्धतीची खरी लाभार्थी आहे, आणि तिचा उल्लेख बाजाराच्या अहवालांत क्वचितच होतो.

मात्र ‘माल बघून पैसे’ हे अर्धेच खरे आहे. दारात बघायला मिळते ते बंद खोके. डिलिव्हरी करणारा घाईत असतो, खाली गाडी उभी असते, आणि बहुतेक वेळा पैसे दिल्याशिवाय चिकटपट्टी कापू दिली जात नाही. व्हीपीच्या पाकिटातून जसे कधी भलतेच पुस्तक निघे, तसा या खोक्यातून कधी वेगळ्याच रंगाचा कुर्ता निघतो. महाग मोबाइलसारख्या वस्तूंसाठी काही कंपन्यांनी ‘ओपन बॉक्स’ पद्धत आणली. तिच्यात पार्सल ग्राहकासमोर उघडले जाते आणि वस्तू बरोबर असेल तरच ग्राहक ओटीपी सांगतो. ओटीपी सांगितला म्हणजे माल बरोबर मिळाल्याची सही केली, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. खोके उघडण्याआधी तो सांगू नये.

दुसरी अडचण परताव्याची. कार्डाने दिलेले पैसे आल्या वाटेने कार्डावर परत जाऊ शकतात, रोख दिलेले पैसे असे जात नाहीत. त्यासाठी बँक खाते किंवा यूपीआय आयडी कळवावा लागतो आणि ठग नेमके इथे शिरतात. ‘तुमचा रिफंड अडकला आहे’ असा फोन येतो, एक लिंक येते, आणि पैसे मिळण्यासाठी पिन टाकायला सांगितले जाते. यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना लागतो. न मागवलेले सीओडी पार्सल पाठवण्याचाही एक धंदा आहे. घरातल्या कोणीतरी मागवले असेल अशा समजुतीने आजोबा पाचशे रुपये देऊन मोकळे होतात आणि संध्याकाळी खोक्यातून चिंध्या निघतात.

विक्रेत्याच्या बाजूने

सीओडीशिवाय नवा ग्राहक मिळवणे अवघड, विशेषतः ज्याच्या दुकानाचे नाव कोणी ऐकलेले नाही त्याला. ही ओळख मिळवण्याची किंमत मात्र भारी असते. दारातूनच परत येणाऱ्या पार्सलला या धंद्यात ‘आरटीओ’ म्हणतात, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन. वाहन परवान्याच्या कार्यालयाशी त्याचा संबंध नाही, त्रास देण्यात मात्र दोघांची बरोबरी व्हावी. घरी कोणी नाही, फोन उचलत नाहीत, पत्ता अर्धवट आहे, तीच वस्तू दरम्यान दुसरीकडे स्वस्त मिळाली, किंवा नुसतेच मन बदलले, अशी त्याची कारणे असतात. आधी पैसे भरलेला माणूस पार्सलची वाट पाहतो. सीओडी मागवणाऱ्याला नकार द्यायला काहीच पडत नाही.

याचा हिशेब मांडून पाहावा. समजा, सोलापुरातला एक विक्रेता चादरी विकतो आणि सगळा खर्च वजा जाता प्रत्येक चादरीमागे त्याला १२० रुपये सुटतात. एक पार्सल परत आले की जाण्याचे ८०, येण्याचे ७० आणि वाया गेलेल्या वेष्टनाचे २०, असे १७० रुपये खिशातून जातात. दहा प्रीपेड ऑर्डरींत त्याला १२०० मिळाले असते. दहा सीओडींपैकी तीन परत आल्या तर सातांचे ८४० मिळतात, त्यांतून ५१० जातात आणि हाती ३३० उरतात. पाच परत आल्या तर तो २५० रुपये तोट्यात असतो, आणि एवढे करून त्याने दहा चादरींच्या घड्या घालून दहा पार्सले बांधलेली असतात. परत आलेली चादर आठवडा-दोन आठवडे रस्त्यावर फिरून येते. सणाचा माल असेल तर तोवर सण संपलेला असतो.

जी पार्सले सुटतात त्यांचेही पैसे लगेच मिळत नाहीत. रोख आधी कुरिअरच्या हबवर जमा होते, मग कंपनीच्या खात्यात, आणि काही दिवसांनी विक्रेत्याकडे. मोठ्या कंपनीला याचे काही वाटत नाही. सूतवाल्याची उधारी डोक्यावर असलेल्या माणसाला तेवढे दिवस जड जातात.

म्हणून विक्रेत्यांनी आपापले उपाय काढले आहेत. ऑर्डर आल्यावर फोन करून खात्री करणे, शंभर रुपये आगाऊ घेणे, प्रीपेडला थोडी सूट देणे, आणि ज्या भागांतून पार्सले फार परत येतात त्यांचे पिनकोड सीओडीसाठी बंदच करणे. या शेवटच्या उपायात अन्याय आहे. एका गल्लीतल्या चार जणांनी नकार दिला की सगळ्या गावाची सोय जाते. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेली पिनकोड पद्धत टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. सारख्या नावाच्या गावांचा आणि नाना लिप्यांतल्या पत्त्यांचा घोळ मिटावा, हा तिचा हेतू होता. त्याच सहा आकड्यांवरून आता गावाची पत ठरते, हे त्यांच्या मनात नक्कीच नव्हते.

नोटांचे दोन प्रसंग

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या आणि सीओडीची पंचाईत झाली. वाटेत असलेल्या पार्सलांचे पैसे द्यायला लोकांकडे चालणाऱ्या नोटाच नव्हत्या. मे २०२३ मध्ये २००० ची नोट मागे घेण्याची घोषणा झाली तेव्हा उलटे घडले: लोकांना नोट खपवायची होती आणि दारात येणारा डिलिव्हरी बॉय आयताच सापडला. आपल्या सीओडी ऑर्डरींपैकी ७२ टक्क्यांचे पैसे २००० च्या नोटांत येत असल्याचे झोमॅटोने तेव्हा गमतीने जाहीर केले होते. तीनशेच्या बिर्याणीवर सतराशेचे सुटे कुठून आणायचे, हा प्रश्न अर्थात डिलिव्हरी करणाऱ्याचा. एरवीही दिवसभराची रोकड सांभाळायची आणि संध्याकाळी हबवर पै-पैचा हिशेब द्यायचा, हे ओझे तोच वाहतो.

कायदा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम सीओडीलाही लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करणे कंपनीवर बंधनकारक आहे. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पावती आणि पार्सल उघडतानाचे चित्रीकरण जवळ असेल तर बाजू भक्कम होते.

रोख देणाऱ्याकडून वेगळे शुल्क घेण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. ‘हाताळणी’ वगैरे नावाने ही रक्कम बिलाच्या अगदी शेवटी उगवते. किंमत अशी थेंबाथेंबाने वाढवत नेणे हा प्रकार ३० नोव्हेंबर २०२३ च्या, संकेतस्थळांवर ग्राहकाला गंडवणाऱ्या फसव्या रचनांविषयीच्या (‘डार्क पॅटर्न्स’) मार्गदर्शक सूचनांतील १३ प्रकारांत मोडतो. सीओडीच्या जादा शुल्काच्या तक्रारींची केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२५ मध्ये दखल घेतली. शुल्क आधीच स्पष्ट सांगितले तर त्याला विरोध करण्याचे फारसे कारण नाही. परतीचा खर्च कुणाच्या तरी खिशातून जाणारच. शेवटच्या पानापर्यंत ते दडवणे मात्र लबाडी आहे.

आजचे रूप

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले आणि सीओडीतली ‘कॅश’ हळूहळू ओसरू लागली. आता डिलिव्हरी करणारा पार्सल पुढे करतो आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवरचा क्यूआर दाखवतो. पैसे मिळाल्याचा संदेश येईपर्यंत दोघेही उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे राहतात, रेंज नसेल तर गॅलरीपर्यंत जाऊन येतात. मोबाइलवर पैसे पाठवता येत असूनही ऑर्डर देताना ते न देता दारात देणारे अनेक ग्राहक आहेत. त्यांची अडचण कार्डाची किंवा नेटची उरलेली नाही. खोके दिसेपर्यंत त्यांना पैसे सोडायचे नाहीत.