धक्का एकच, थरथर मात्र थांबेना

पुढची चाकं थरथरायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: अलाइनमेंट करून घे. दुसरा: बॅलन्सिंग. जुन्या फोर-बाय-फोरच्या बाबतीत पुष्कळदा या दोन्हींत पैसे जातात आणि खरा दोष तसाच राहतो. तीच गाडी मग पुन्हा घाटात जाते, याची मला खरोखर भीती वाटते.

माझी जुनी जीप भोरजवळच्या एका पुलाच्या सांध्यावरून साठच्या वेगात गेली आणि स्टेअरिंगने दोन्ही हातांना असे हिसके दिले की मनगटं दोन दिवस दुखत होती. वेग चाळीसवर आला तरी थरथर चालूच. वीसच्या खाली आल्यावर एकदम शांत. याला शिमी म्हणतात. ऑफ-रोडवाले ‘डेथ वॉबल’ म्हणतात.

बॅलन्सिंगचा दोष वेगळा ओळखता येतो. ७० सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला साडेसात फेऱ्या मारतं, आणि त्याची जड बाजू तितकेच धक्के देते. वेग बदलला की ती थरथर बदलते. शिमीला सुरू व्हायला एक धक्का पुरतो. पुढे ती स्वतःच स्वतःला पोसते. त्यासाठी लागणारी ऊर्जा येते गाडीच्या पुढे जाण्यातूनच.

ती कशी, ते बघू. सायकलच्या फोर्कची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. टायर त्या रेषेच्या मागे ओढला जातो आणि आपोआप सरळ होतो. जीपचं पुढचं चाक ज्या उभ्या खिळीभोवती डावी-उजवीकडे वळतं, त्या किंगपिनलाही असाच कल असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. पण टायर लाकडाचा नाही, रबराचा आहे. चाक वळलं त्याच क्षणी त्याला सरळ करणारा जोर येत नाही. टायर वीत-दोन वीत पुढे लोळला, रबर पिळलं गेलं, की मग येतो. श्लिपे आणि डीट्रिश या जर्मन संशोधकांनी १९४१ मध्ये विमानाच्या चाकांसाठी याचं सुंदर गणित मांडलं, टायर म्हणजे जणू एक ताणलेली दोरी आहे असं धरून.

सगळी गोम या उशिरात आहे. चाक मधोमध परत येतं तेव्हा मघाच्या वळणाचा जोर अजून उतरलेला नसतो, आणि तो चाकाला पलीकडे ढकलतो. म्हणजे चाक ज्या दिशेने निघालंय त्याच दिशेने त्याला ढकलणं, झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावावा तसं. बल विस्थापनाच्या मागे पडलं की त्याचा एक घटक वेगाच्या दिशेने येतो आणि अवमंदन, म्हणजे हेलकावा विझवणारा विरोध, ऋण होतं. प्रत्येक हेलकाव्याला थोडी ऊर्जा आत येते. घर्षणाला ती खाता आली नाही तर हेलकावा वाढत जातो, आणि टायर रस्त्यावर घसरू लागला की तिथे स्थिरावतो.

जुन्या महिंद्रा जीप, जिप्सी, भारतात २०२३ मध्ये आलेली जिम्नी, या सगळ्यांना पुढे अखंड अ‍ॅक्सल आहे. त्यात एक चाक उचललं की दोन्ही कलतात, आणि फिरतं चाक कलवलं की ते वळू पाहतं, म्हणजे शिमीला आणखी खाद्य. सायकलचं काढलेलं चाक धुरीला दोन्ही हातांनी धरून कुणाकडून जोरात फिरवून घ्या आणि तिरकं करा, लगेच कळेल.

म्हणून शोधायचं ते हे: हेलकावा खाणारं घर्षण कुठे कमी झालंय आणि सांध्यांत प्ले, म्हणजे ढिलेपणा, कुठे आलाय. गाडी चाकांवर उभी असतानाच एकाने स्टेअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने खाली झोपून टाय रॉड (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून येणारा दांडा) यांच्या प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवावीत. डोळ्याला न दिसणारी टिचकी बोटाला लागते. सस्पेन्शनच्या पाट्यांचे बुश आणि त्या आवळणारे यू-बोल्टही तेव्हाच बघावेत.

मग जॅक. मेस्त्रींनी चाक वर-खाली धरून हलवलं, ते डगडगलं. “भाऊ, आता ब्रेक दाबून धरा,” ते म्हणाले. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर व्हील बेअरिंग सैल. गेला नाही, म्हणजे किंगपिन. किंगपिनच्या बेअरिंगची वाटी काढली तेव्हा तिच्यात रोलरांचे बारीक खळगे पडलेले होते, नेमके चाक सरळ असतानाच्या जागी. वर्षानुवर्षं खड्ड्यांचे घाव तिथेच बसलेले.

माझ्या ओळखीत त्या पुलालाच दोष देणारे निघाले. गाडीला लिंबू-मिरची बांधा म्हणाले. पुलाचा सांधा फक्त धक्का देतो, आणि लिंबाने बेअरिंगची वाटी भरून येत नाही. महागडा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे हिसके शोषणारा शॉक अब्सॉर्बर) लावून मोकळं होणं मला त्याहून धोक्याचं वाटतं: थरथर दबते, सांधा झिजतच राहतो आणि एखाद्या दिवशी निखळतो.

नवी बेअरिंग घातल्यावर मेस्त्रींनी टाय रॉड सोडला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला तानकाटा किंगपिनभोवती वळणाऱ्या भागाला (स्टेअरिंग नकल) अडकवून ओढला आणि आकडा वाचला. ओढ कमी भरली, म्हणजे किंगपिनचं घर्षण अजून कमीच. बेअरिंगवरच्या झाकणाखालची एक पातळ पत्र्याची चकती (शिम) काढली, बोल्ट आवळले, पुन्हा ओढून पाहिलं. तिसऱ्या वेळी आकडा बसला.